परदेशी एमबीबीएस : पैसे भरण्याआधी काय तपासायचे?



गेल्या वर्षी नीटचा निकाल लागला, त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. विहारातली वंदना आटोपल्यावर येरवड्याच्या एक ताई आमच्यापाशी थांबल्या. मुलगी नीट पास झाली होती, पण सरकारी महाविद्यालयात नंबर लागेल इतके गुण नव्हते. ताईंच्या पिशवीत एका एजंटाने दिलेले गुळगुळीत माहितीपत्रक होते. त्यावर बर्फाचे डोंगर, पांढरे कोट घातलेली हसरी मुले आणि मोठ्या अक्षरांत ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ असे छापलेले. ताई म्हणाल्या, “दादा, तीन दिवसांत एक लाख भरले तरच सीट राहील म्हणतात. ह्यांचा पीएफ काढायचा, माझं सोनं मोडायचं. भरू का?”

आम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, “ताई, आठ दिवस थांबा.” त्या आठ दिवसांत आम्ही नियम वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे कळले ते या वेळच्या पानावर सर्वांसाठी देत आहोत.

आरोग्याच्या पानावर कॉलेज प्रवेशाचा विषय कशाला, असे कोणी विचारेल. डॉक्टर कसा घडतो हा आरोग्याचाच प्रश्न आहे. शिवाय आपल्या वस्तीतले घर कर्जात बुडाले की त्या घराचे दूध, औषध आणि झोप तिन्ही जातात. परदेशात जाऊच नका, असे आमचे म्हणणे नाही. तिथून शिकून आलेले आणि चांगली सेवा करणारे डॉक्टर आपल्यातही आहेत. पण ते ज्या वाटेने गेले ती वाट नीट पाहून घेतली पाहिजे.

‘एनएमसी मान्यताप्राप्त’ म्हणजे काय?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, सप्टेंबर २०२० मध्ये जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी आला. हा आयोग परदेशी महाविद्यालयांना मान्यता देत नाही आणि मान्यताप्राप्त परदेशी महाविद्यालयांची यादीही काढत नाही. माहितीपत्रकावर तसा शिक्का दिसला, तर समजा की पहिल्याच पानावर खोटे लिहिले आहे.

मग आयोग पाहतो काय? १८ नोव्हेंबर २०२१ रोजी आयोगाने परदेशातून शिकून येणाऱ्यांसाठी नियम लागू केले. ते कॉलेजला शिक्का देत नाहीत. तुमच्या मुलाने किंवा मुलीने जे शिक्षण घेतले ते अटींत बसते का, एवढेच पाहतात. मुख्य अटी अशा :

१. परदेशात जाण्याआधी नीट पास असले पाहिजे. अनुसूचित जातीसाठी ही पात्रता ४० पर्सेंटाइलला मिळते. परदेशी प्रवेशासाठी तो निकाल तीन वर्षे चालतो.

२. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, तोही इंग्रजी माध्यमातून.

३. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी.

४. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सगळे शिक्षण एकाच संस्थेत झाले पाहिजे. अर्धे तिकडे, अर्धे भारतात किंवा तिसऱ्याच देशात, हे चालत नाही.

५. मेडिसिन, सर्जरी, प्रसूतिशास्त्र, बालरोग अशा ठरवून दिलेल्या विषयांत रुग्णांवर प्रत्यक्ष प्रशिक्षण झाले पाहिजे.

६. ज्या देशात शिकला त्या देशात, तिथल्या नागरिकाला मिळतो तसाच डॉक्टरकीचा परवाना त्या पदवीवर मिळाला पाहिजे.

७. हे सगळे प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत पुरे झाले पाहिजे.

सहावी अट पुन्हा वाचा, कारण तिच्यातच सगळ्यात जास्त लोक फसतात. काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला पदवी देतात, पण त्या देशात प्रॅक्टिस करण्याचा परवाना देत नाहीत. असे असेल तर ती पदवी घेऊन इथे आल्यावर आयोग दार उघडत नाही. फिलिपिन्सचा अनुभव दुसऱ्या अटीचा आहे. तिथे आधी बीएस आणि मग एमडी असा मार्ग असतो. बीएसची वर्षे ५४ महिन्यांत धरता येणार नाहीत, असे आयोगाने सांगितले आणि त्या वाटेने निघालेली कितीतरी मुले अडकली.

‘जागतिक यादीत नाव आहे’ या वाक्याचा अर्थ

एजंट दुसरी गोष्ट सांगतो : “हे कॉलेज जागतिक यादीत आहे.” अशी यादी खरोखरच आहे. जगातल्या वैद्यकीय महाविद्यालयांची ती सूची आहे. सूचीत नाव असणे म्हणजे दर्जाची हमी नव्हे, हे त्या सूचीचे चालकच सांगतात. दर्जा तपासण्याचे काम प्रत्येक देशातली मान्यता देणारी संस्था करते, आणि त्या संस्थेचे काम बरोबर चालते का हे वैद्यकीय शिक्षणाचा जागतिक महासंघ, म्हणजे डब्ल्यूएफएमई, पाहतो. आपल्या एनएमसीलाही २०२३ मध्ये या महासंघाची मान्यता दहा वर्षांसाठी मिळाली. म्हणून प्रश्न असा विचारायचा : “या कॉलेजला त्या देशातल्या कोणत्या संस्थेने मान्यता दिली, कोणत्या वर्षापर्यंत, आणि त्या संस्थेला डब्ल्यूएफएमईची मान्यता आहे का?”

याच्याच जोडीला शाखेचा प्रश्न येतो. विद्यापीठाचे नाव मोठे, पण मुलांना पाठवतात दुसऱ्या गावातल्या शाखेत. तिथे ना पुरेसे शिक्षक, ना रुग्णालय. २०२५ मध्ये एनएमसीने बेलीझ या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशातली तीन महाविद्यालये आणि उझबेकिस्तानातल्या ताश्कंद वैद्यकीय विद्यापीठाची चिरचिक इथली शाखा यांच्यापासून दूर राहण्याचा जाहीर इशारा दिला. म्हणून मूळ विद्यापीठाचे कागद पाहून समाधान मानू नका. मुलगी ज्या इमारतीत सहा वर्षे बसणार आहे, त्या शाखेचे कागद मागा.

परत आल्यावरची परीक्षा

परदेशातून पदवी घेऊन आलेल्याला भारतात नोंदणीसाठी एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. ती वर्षातून दोनदा होते. प्रश्न ३०० असतात, पास व्हायला १५० बरोबर यावे लागतात. ऐकायला सोपे वाटते. पण बसलेल्यांपैकी बहुतेक वेळा चारांत एक पास होतो, कधी पाचांत एकसुद्धा होत नाही. मुले मठ्ठ असतात म्हणून असे होत नाही. किर्गिझस्तानातल्या वॉर्डात रुग्ण किर्गिझ किंवा रशियन बोलतो, रशियात रशियन. वर्गात इंग्रजी असली तरी खाटेशेजारी उभे राहून “कुठे दुखतं?” विचारायला ती भाषा यावी लागते. ती येत नसेल तर मूल डॉक्टरच्या मागे नुसते उभे राहते, आणि सहा वर्षांनी पुस्तकी उत्तरेही डळमळतात.

परीक्षा पास झाल्यावर भारतात पुन्हा वर्षभराची इंटर्नशिप असते, आणि तिच्या जागा मर्यादित असतात. म्हणजे बारावीनंतर आठ वर्षे धरून चाला. इथे एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांत होते.

परीक्षा निघाली नाही तर काय होते, हेही ऐका. कर्जाचे हप्ते चालू असतात. मग मूल कुठल्यातरी छोट्या दवाखान्यात नोंदणीशिवाय, पडेल त्या पगारात रात्रपाळी करू लागते. हा गुन्हा आहे. एनएमसी कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने ७३ परदेशी पदवीधरांवर आणि १४ राज्यांच्या वैद्यकीय परिषदांवर गुन्हा नोंदवला. परीक्षा पास न होताच नोंदणी मिळवल्याचा आरोप होता. अशा डॉक्टरकडे तपासायला जाणारा रुग्ण बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. म्हणूनच हा आरोग्याचा प्रश्न आहे.

अडकलेल्या विद्यार्थ्याचे हक्क

आता चौथी अट आठवा : सगळे शिक्षण एकाच संस्थेत. नियम दर्जासाठी आहे आणि तो बरोबरच आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा, की कॉलेज वाईट निघाले तरी मूल मधूनच दुसरीकडे जाऊ शकत नाही. गेले तर आधीची वर्षे वाया. हे कॉलेजला माहीत असते, एजंटालाही माहीत असते. म्हणूनच दुसऱ्या वर्षी हॉस्टेलचे भाडे वाढते, मेसचे पैसे सक्तीने घेतले जातात, ‘परीक्षेची फी’ म्हणून रोकड मागितली जाते. तक्रार केली तर नाव काढून टाकण्याची धमकी मिळते. कॉलेजची मान्यता आणि विद्यार्थ्याचे मानवी हक्क हे दोन वेगळे विषय वाटतात, पण ते असे एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्याला बाहेर पडता येत नाही, त्याला पिळणे सोपे जाते.

आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. बाहेर पडण्याचा रस्ता बंद असलेला माणूस काय सोसतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी गावकीत पाहिले आहे.

मोठे संकट आले तर काय होते, हे मागच्या काही वर्षांनी दाखवले. कोरोनात चीनमध्ये शिकणारी मुले दोन वर्षांहून अधिक काळ घरीच अडकली, कारण चीनने सीमा उघडली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले. १ मार्चला खार्किवमध्ये कर्नाटकातला एक वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला. सीमेवर रांगेत मागे ढकलल्याचे अनुभव अनेक मुलांनी त्या वेळी सांगितले. सरकारने ऑपरेशन गंगा राबवून हजारो जणांना परत आणले, त्यात पुण्या-मुंबईची मुलेही होती. पण जीव वाचला तरी शिक्षण अर्धवट राहिले. पुढे सरकारने एकदाच म्हणून सवलत दिली, आणि ऑनलाइन शिकलेल्यांना दोन-तीन वर्षे इंटर्नशिप करावी लागली. मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ले केले. रशियात शिकायला म्हणून गेलेले काही भारतीय तरुण युद्धावर पाठवले गेल्याच्या बातम्या आल्या, आणि अशा कोणत्याही ‘नोकरी’पासून दूर राहा असे परराष्ट्र मंत्रालयाला जाहीरपणे सांगावे लागले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. विमानात बसले की जात सुटते, असे नाही. एजंटाने भरलेल्या हॉस्टेलात सगळी आपल्याच देशातली मुले असतात, मेसही ‘इंडियन’ असते. तिथेही आडनाव विचारले जाते. फरक एवढाच की इथे ॲट्रॉसिटी कायदा आहे, रॅगिंगविरोधी नियम आहेत, वस्तीतली माणसे धावून येतात. तिथे यातले काही नाही. म्हणून मुलाला जाण्याआधीच सांगा, की त्रास झाला तर लपवायचे नाही. आठवड्यातून एकदा तरी एकट्याने बोलता येईल असा व्हिडिओ कॉल ठरवा. जेवण तुटले, झोप उडाली, आवाज पडला, फोन टाळू लागला, तर “जरा मन घट्ट कर” म्हणून सोडून देऊ नका. घरी येऊन जा म्हणा. तिकिटाचे पैसे त्यासाठी वेगळे बाजूला ठेवलेले असावेत. पदवीपेक्षा मूल मोठे.

एजंटाला विचारायचे प्रश्न

परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे सरकारकडे नोंदणी करावी लागते. शिक्षणासाठी पाठवणाऱ्याला तशी सक्ती नाही. आज गाळा भाड्याने घेऊन उद्या कोणीही ‘कन्सल्टंट’ होऊ शकतो. म्हणून पुढचे प्रश्न कागदावर द्या आणि उत्तरे सही-शिक्क्यासह कागदावरच घ्या :

१. अभ्यासक्रम किती महिन्यांचा, इंटर्नशिप किती महिन्यांची आणि कोणत्या रुग्णालयात?

२. त्या रुग्णालयात खाटा किती, आणि रुग्णाशी कोणत्या भाषेत बोलावे लागते?

३. या पदवीवर परदेशी विद्यार्थ्याला त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळतो का? तसे लिहिलेला तिथल्या सरकारचा कागद दाखवा.

४. मूल मूळ विद्यापीठात जाणार की शाखेत? त्या शाखेची मान्यता कोणाची, कधीपर्यंत?

५. या कॉलेजातून परत आलेल्यांपैकी किती जण एफएमजीई पास झाले? आपल्या भागातल्या दोघांशी आमची भेट घालून द्या.

६. सहा वर्षांचा सगळा खर्च किती? फी, हॉस्टेल, मेस, विमा, व्हिसा, तिकिटे वेगवेगळी लिहून द्या.

७. मधूनच परत यावे लागले तर किती पैसे परत मिळणार?

८. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरता येईल का?

सहाव्या प्रश्नात एक खाच आहे. फी डॉलरमध्ये असते. समजा वर्षाची फी ४,००० डॉलर आहे. डॉलर ७५ रुपये असताना ते तीन लाख होतात, ८८ रुपये झाला की तीच फी ३ लाख ५२ हजार होते. कॉलेजने एक डॉलरही वाढवला नाही, तरी तुमच्या घरातून ५२ हजार जास्त गेले. सहा वर्षांचा हिशोब मांडताना ही वाढ धरा.

पासपोर्ट एजंटाकडे किंवा हॉस्टेलच्या माणसाकडे ठेवायला देऊ नका. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तो अडवून ठेवण्याचा एजंटाला काहीही अधिकार नाही. मूल पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नाव नोंदवा.

आधी इथली दारे वाजवा

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. जाण्याआधी त्यांनी करारावर सही केली होती, आणि परतल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याची अट त्यात लिहिलेली होती. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धे सोडून त्यांना परतावे लागले. ते पुरे करायला ते १९२० मध्ये साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर पुन्हा गेले. परदेशी शिक्षण त्यांनाही पैशाच्या आणि अटींच्या हिशोबाशिवाय मिळाले नाही. आपणही हिशोब करूनच पाऊल टाकू.

आपल्या हक्काच्या काही गोष्टी आधी पाहा. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून खासगी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला महाडीबीटीवरून शुल्काची मदत मिळते. घरचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. व्यवस्थापन कोट्याला हे लागू नाही. ‘खासगी म्हणजे आपलं काम नाही’ असे समजून कितीतरी घरे पर्यायच भरत नाहीत आणि थेट एजंटाकडे जातात. त्यासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढून ठेवा. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीपासून आहेत. मात्र दाखला केंद्राच्या नमुन्यातला आहे का, हे आधी तपासा.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. ‘एमबीबीएसला सरकारी शिष्यवृत्ती मिळवून देतो’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबा. कर्ज काढायचेच असेल तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची चौकशी करा, मग बँकेत जा, सावकाराकडे मात्र नको. नीटच्या तयारीसाठी क्वीन्स गार्डनमधल्या बार्टीच्या कार्यालयात विचारा. बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस हे कमीपणाचे मार्ग नाहीत. वस्तीला त्यांचीही गरज आहे.

फसवणूक झालीच तर

पावत्या, संदेश, माहितीपत्रक जपून ठेवा. एजंटाने खोटे सांगून पैसे घेतले असतील तर पोलिसात फसवणुकीची तक्रार देता येते. ग्राहक आयोगाकडेही जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. वकिलाच्या फीची चिंता करू नका : अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते आपण विहारात अनेकदा ऐकतो : कोणी सांगितले म्हणून, मोठ्या माणसाने म्हटले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. माहितीपत्रकालाही तोच नियम लावा.

येरवड्याच्या ताईंनी हे आठ प्रश्न वहीच्या पानावर लिहून नेले. एजंटाने सगळ्यांची उत्तरे तोंडी दिली, भरभर दिली. “लिहून द्या” म्हटल्यावर मात्र तो म्हणाला, “एवढा अविश्वास असेल तर दुसरीकडे बघा.” ताईंनी एक लाख भरले नाहीत. त्यांची मुलगी यंदा पुन्हा नीटला बसते आहे, आणि तिच्या जात वैधतेचा अर्ज या वेळी वेळेत गेला आहे.

हे पान कापून ठेवा. ज्यांच्या घरी बारावीचे मूल आहे त्यांना वाचून दाखवा. आणि पैसे भरण्याआधी एकदा विहारात येऊन कागद दाखवा. आपण सगळे मिळून वाचू.